रेब नोसन आणि त्यांचे रेब्बे: हसिदी निष्ठेबद्दलच्या एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न असा आहे: हसिदी म्हणजे अठराव्या शतकात पूर्व युरोपात उभ्या राहिलेल्या भक्तिमार्गी ज्यू पंथातला रब्बी स्वतः तोरा आणि तालमूद हे धर्मग्रंथ कोळून प्यालेला असतो, लोक त्याच्याकडे धर्माचा निवाडा मागायला येतात. मग असा माणूस आपल्या रेब्बेपुढे, म्हणजे पंथाच्या गुरूपुढे, इतका का नमतो? देवाखेरीज कुणाची पूजा नको म्हणणाऱ्या धर्मात ही व्यक्तिपूजा कशी खपते? आणि रेब्बे वारल्यावरही ही निष्ठा टिकते ती कशाच्या बळावर?

मी कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू घरातला. आमच्या समाजात कित्येक पिढ्या रब्बी नव्हतेच. हज्जान प्रार्थना चालवायचे, काझी आणि मुकादम तंटे मिटवायचे. पूर्व युरोपातला रेब्बे आम्हाला फार उशिरा कळला. म्हणून ब्रेस्लोव्ह या हसिदी पंथाचे ग्रंथ शिकायला बसलो तेव्हा तुमचे हे तिन्ही प्रश्न माझेही होते. पुढे अनेक वर्षे ते ग्रंथ शिकलो, आता आपल्या लोकांना मराठीतून शिकवतो. सगळ्या हसिदी पंथांबद्दल एका दमात बोललो तर उत्तर गुळमुळीत होईल, म्हणून एकाच माणसाबद्दल सांगतो: नेमिरोव्हचे रब्बी नोसन, आणि त्यांचे रेब्बे, ब्रेस्लोव्हचे नाखमन.

आधी थोडी पार्श्वभूमी. रब्बी होतो तो विद्येने. कोणते अन्न चालते, कोणता घटस्फोट वैध, कोणाचे कोणाला किती देणे लागते, हे तो ग्रंथांच्या आधारे सांगतो. रेब्बे होतो तो लोकांच्या विश्वासाने. लोक त्याला त्साद्दिक मानतात, म्हणजे ज्याचे जगणे देवाशी जोडलेले आहे असा सत्पुरुष. सणाला आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, त्याच्याकडे जमतात, आपली अडचण चिठ्ठीवर लिहून देतात, सोबत ऐपतीप्रमाणे पैसे ठेवतात, त्याच्या ताटातले उरलेले वाटून खातात. ही पद्धत वाढली ती हसिदी पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव्ह यांच्यानंतर. ते 1760 मध्ये आजच्या युक्रेनमधल्या मेझिबोझ गावी वारले. बारा वर्षांनी, 1772 मध्ये, विल्ना शहरातल्या पंडितांनी हसिदांवर बहिष्कार पुकारला. हसिदांच्या विरोधकांचा एक आक्षेप नेमका तुमचाच होता: ही मंडळी माणसाला फार वर चढवतात. त्याच 1772 मध्ये मेझिबोझला बाल शेम तोव्ह यांच्या नातीच्या पोटी एक मुलगा जन्मला. तेच रेब्बे नाखमन.

नोसन यांचा जन्म 1780 चा, नेमिरोव्हचा. वडील सधन व्यापारी. सासरे रब्बी दोव्हिद त्सवी हे त्या भागातले नामांकित धर्मपंडित, आणि हसिदांचे कडक विरोधक. तरुण नोसन सासऱ्यांच्या घरी शिकले आणि विरोधही तिथूनच घेऊन आले. म्हणजे हा माणूस भोळा नव्हता, अडाणी नव्हता, संकटात सापडून बुवाच्या दारी आलेला नव्हता. घरात पैसा, डोक्यात विद्या, मागे मोठे सासर, आणि रेब्बे लोकांबद्दल मनात पक्की अढी.

तरीही काहीतरी सलत होते. त्यांच्या स्वतःच्या लिखाणात ते पुन्हा पुन्हा डोकावते: नियम सगळा ठाऊक, पण प्रार्थनेला उभे राहिले की आत कोरडे. नेमिरोव्हमधल्या मित्रांच्या नादाने ते हसिदी मंडळींत जाऊ लागले. बेर्दिचेव्हच्या रब्बी लेव्ही यित्सखाक यांच्यासारख्या थोरांकडे गेले, आणि तरी परतताना मन तसेच. ब्रेस्लोव्हमध्ये त्या काळाची एक गोष्ट सांगतात. एका मंडळीत शब्बाथ संपल्यावरच्या जेवणासाठी पाव कोणी आणायचे म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, त्यात नोसन यांचे नाव निघाले. वाटेत त्यांना भरून आले: मी पाव आणायला जन्मलो का? प्रार्थनागृहात जाऊन रडले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. स्वप्नात एक शिडी. ते चढतात, पडतात. पुन्हा जास्त वर चढतात, पुन्हा पडतात, आणि प्रत्येक वेळी जास्त जोरात. तेवढ्यात वरून कोणीतरी म्हणते: चढत राहा, पण धरून राहा. पुढे रेब्बे नाखमन यांना पाहिले तेव्हा हाच तो चेहरा अशी त्यांची खात्री पटली.

ही परंपरेतली गोष्ट आहे, परंपरेतली म्हणूनच घ्यावी. मला तिच्यातला सल्ला महत्त्वाचा वाटतो. मी तुला उचलून घेतो असे स्वप्नातला माणूस म्हणत नाही. चढायचे नोसन यांनीच.

1802 च्या उन्हाळ्याच्या अखेरीस रेब्बे नाखमन ब्रेस्लोव्ह गावी राहायला आले. नेमिरोव्हपासून ते वीसेक किलोमीटर. काही दिवसांतच नोसन आपले मित्र नफ्ताली यांना घेऊन तिथे पोचले. रेब्बे तेव्हा तिशीचे, नोसन बाविशीचे. म्हणजे डोळ्यांपुढे पांढऱ्या दाढीचा वृद्ध आणू नका. थोरल्या भावाच्या वयाचा माणूस होता तो. परंपरा सांगते की त्या सुरुवातीच्या दिवसांत रेब्बेंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जिवलग मित्रापाशी बोलतो तसे देवापाशी मन मोकळे करणे फार चांगले असते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा गाभा मला इथे दिसतो. नोसन यांना काय मिळाले? माझ्यापाशी या, मी तुमच्या वतीने देवाशी बोलतो, असे हे रेब्बे म्हणाले नाहीत. त्यांनी त्यांना एकटे रानात, नाहीतर बंद खोलीत पाठवले: रोज तासभर, आपल्या घरच्या भाषेत, यिद्दिशमध्ये, देवाशी बोला. याला हितबोदेदूत म्हणतात आणि ब्रेस्लोव्हची ती मुख्य साधना आहे. 'लिकुते मोहरान' या रेब्बेंच्या प्रवचनसंग्रहाच्या दुसऱ्या भागात, पंचविसाव्या प्रवचनात, ती स्पष्ट शब्दांत दिली आहे. वीस वर्षे शिकून जे साधले नव्हते ते या एका वाक्याने सुरू झाले, आणि पंडित नमला तो याच ठिकाणी. आपल्याला काय येत नाही हे विद्वानाला इतरांपेक्षा जास्त नेमके कळते, आणि ते देणारा भेटला तर त्याची ओळखही त्याला आधी पटते.

घरात मात्र वादळ उठले. वडिलांना वाटले मुलगा व्यापार बुडवणार, सासरच्यांना वाटले जावई हातचा गेला. पत्नी एस्तेर शाइंडेल यांचेही सुरुवातीला हाल झाले, आणि ब्रेस्लोव्हची मंडळी हे लपवत नाहीत. निष्ठेची किंमत निष्ठावंत एकटाच मोजत नाही, घरातली माणसेही मोजतात. या विषयावर लिहिणारे बरेच जण हा भाग चटकन ओलांडून जातात, ते मला पटत नाही.

आता लिहिण्याबद्दल. मला विचाराल तर रेब नोसन यांची सगळी भक्ती त्यांच्या लेखणीत आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

रेब्बेंची मोठी प्रवचने शब्बाथला आणि सणाला होत. त्या दिवशी ज्यू कायद्याने लिहायला बंदी. प्रवचन यिद्दिशमध्ये. एका आधारावरून दुसऱ्यावर, बायबलच्या ओळीवरून तालमूदच्या कथेवर, तिथून झोहर या गूढग्रंथावर, आणि फिरून पहिल्या ओळीवर. ऐकणाऱ्याने ते सारे डोक्यात धरून ठेवायचे, आकाशात तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत. मग नोसन लिहायला बसत, आणि लिहीत ते हिब्रूमध्ये. लिहिलेले रेब्बेंना वाचून दाखवत, रेब्बे दुरुस्त करत. काही प्रवचने रेब्बेंनी स्वतःच्या हातानेही लिहिली होती. छापील ग्रंथात आजही अशा प्रवचनांवर 'आमच्या रब्बींची भाषा' अशी खूण असते. बाकीची नोसन यांच्या शब्दांतली. कोणता शब्द गुरूचा आणि कोणता आपला, ही रेघ त्यांनी पुसू दिली नाही. गुरूच्या नावावर आपले विचार खपवण्याचा मोह ज्याला झाला नाही अशा लेखनिकाची किंमत जुन्या हस्तलिखितांत वावरणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. ग्रंथाचा पहिला भाग 1808 मध्ये ऑस्ट्रोग इथे छापला गेला, दुसरा 1811 मध्ये, रेब्बे गेल्यावर.

1806 मध्ये रेब्बेंनी कथा सांगायला सुरुवात केली. हरवलेली राजकन्या, राजा आणि सम्राट, शहाणा आणि साधाभोळा, अशा एकूण 13 मोठ्या कथा. रब्बींच्या जगात ही विचित्र गोष्ट होती, कारण त्यांत ना धर्मशास्त्राचा आधार दिलेला, ना तात्पर्य. नोसन यांनी 1815 मध्ये त्या छापल्या त्या एकाच पानावर दोन भाषांत: वर हिब्रू, खाली यिद्दिश. यिद्दिश त्यांनी बाजारात आणि स्वयंपाकघरात बोलतात तशीच ठेवली, पंडिती केली नाही. शेवटची कथा सात भिकाऱ्यांची. लग्नाच्या सात दिवसांत रोज एक भिकारी येतो आणि नवदांपत्याला आपल्या व्यंगाचे रहस्य सांगतो: आंधळा, बहिरा, तोतरा, असे. सहा येतात. सातवा, पाय नसलेला, त्याची गोष्ट रेब्बेंनी सांगितलीच नाही. नोसन यांच्याकडे प्रतिभा होती, गुरूची शैली त्यांच्या रक्तात भिनलेली होती. सातवा दिवस त्यांना रचता आला असता. त्यांनी तो मोकळा सोडला, आणि तो आजही मोकळा आहे. शिष्याने काय लिहिले यापेक्षा काय लिहिले नाही यावरून मी त्याची निष्ठा जोखतो, आणि या एका रिकाम्या जागेपुढे मी दरवेळी थांबतो.

याहून कठीण प्रसंग एका जळालेल्या पुस्तकाचा. रेब्बेंनी एक ग्रंथ सांगितला, नोसन यांनी तो उतरवला. पुढे क्षयाने खंगलेले रेब्बे उपचारासाठी लेंबर्गला, आजच्या ल्विव्हला, गेले आणि 1808 मध्ये तिथून त्यांनी तो ग्रंथ जाळून टाकायला सांगितले. रेब शिमोन नावाच्या शिष्याने तो जाळला. ब्रेस्लोव्हमध्ये त्याला आजही 'जळालेले पुस्तक' म्हणतात. ज्या माणसाने ओळ न्‌ ओळ आपल्या हाताने लिहिली, त्याने पुढे आठवणीतून ते पुन्हा उभे करण्याचा घाट घातला नाही. जपण्याची आज्ञा पाळणे सोपे असते, कारण त्यात आपलेही सुख असते. नष्ट होऊ देणे, तेही आपलेच अक्षर, हे वेगळे. इथे नोसन यांची बुद्धी गप्प बसली असेल असे मला वाटत नाही. त्यांनी तिला रेब्बेंच्या शब्दामागे उभे केले, एवढेच.

1810 च्या वसंतात, ब्रेस्लोव्हचे घर आगीत गेल्यावर, रेब्बे उमान शहरी गेले. तिथल्या दफनभूमीत 1768 च्या कत्तलीत मारलेले हजारो ज्यू पुरलेले होते, आणि त्यांच्या शेजारी आपल्याला जागा मिळावी अशी रेब्बेंची इच्छा होती. रोश हशाना हा ज्यू नववर्षाचा सण झाला, त्यातले शेवटचे प्रवचन झाले, आणि सुक्कोथच्या सणात, 16 ऑक्टोबर 1810 रोजी, ते गेले. वय 38. नोसन जवळच होते आणि त्यांनी ते शेवटचे तास लिहून ठेवले आहेत. सगळे संपले असे वाटून शिष्यांनी टाहो फोडला, आम्हाला कोणाच्या हवाली केलेत? तेव्हा रेब्बेंनी तोंड त्यांच्याकडे वळवले, जणू सांगत होते की मी तुम्हाला सोडून जात नाही.

दोघांचा सहवास आठ वर्षांचा. त्यानंतर नोसन 34 वर्षे जगले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या 34 वर्षांत आहे.

हसिदी रिवाजाने पाहिले तर आता गादीवर कोणीतरी बसायला हवे होते. रेब्बेंचे मुलगे लहानपणीच वारले होते. सगळ्यांत जवळचा, सगळ्यांत विद्वान, सगळे लिखाण ज्याच्या हाती, असा शिष्य म्हणजे नोसन. ते रेब्बे झाले नाहीत. आयुष्यभर रेब नोसन राहिले, म्हणजे साधे 'श्रीयुत'. विरोधक ब्रेस्लोव्हच्या मंडळींना 'मेलेले हसिद' म्हणून हिणवत, कारण यांचा रेब्बे जिवंत नाही. दोनशेहून अधिक वर्षे झाली, ब्रेस्लोव्हला दुसरा रेब्बे नाही.

गादीऐवजी नोसन यांनी उमानचा प्रवास धरला. रेब्बे सांगायचे की माझे सगळे काही रोश हशाना आहे. नोसन यांनी 1811 पासून दर रोश हशानाला सगळ्यांना कबरीपाशी जमवायला सुरुवात केली. ब्रेस्लोव्हपासून उमान नव्वद-शंभर किलोमीटर, घोडागाडीचा कच्चा रस्ता. रेब्बेंनी दोन साक्षीदारांसमोर शब्द दिला होता: माझ्या कबरीशी येऊन जो दानाला एक नाणे देईल आणि ठरवलेली दहा स्तोत्रे म्हणेल, त्याच्यासाठी मी मध्यस्थी करीन. ही दहा स्तोत्रे, 16 पासून 150 पर्यंतच्या क्रमात निवडलेली, 'तिक्कुन हक्लाली' नावाने आज जगभर म्हटली जातात. 1834 मध्ये उमानला नोसन यांच्या खटपटीने प्रार्थनागृह उभे राहिले. मधल्या काळात, 1822 मध्ये, ग्रीकांचे युद्ध पेटून समुद्र धोक्याचा झालेला असताना, ते इस्राएलच्या भूमीलाही निघाले, कारण रेब्बे 1798-99 मध्ये तिथे जाऊन आले होते. ब्रेस्लोव्हच्या घरात त्यांनी छापखाना टाकला. चुगलखोरांनी रशियन सरकारकडे तक्रारी केल्या आणि तो बंद पडला.

आणि लिहिणे चालूच. रेब्बेंनी सांगितले होते की शिकलेल्या प्रवचनाची प्रार्थना करा. नोसन यांनी ते शब्दशः केले: एकेक प्रवचन घेऊन त्याची प्रार्थना, 'लिकुते तेफिलोत'. प्रवचनात रागावर विजय मिळवण्याचे तत्त्व असेल, तर प्रार्थनेत नोसन म्हणतात की देवा, मला राग येतो, मी काय करू ते सांग. तिथे गुरूचे तत्त्वज्ञान संपते आणि एका माणसाची गरज बोलू लागते. दुसरा मोठा ग्रंथ 'लिकुते हलाखोत'. ज्यू धर्मशास्त्राची मुख्य संहिता शुल्हान आरुख, चार भागांची. तिच्या क्रमाने जात नोसन सकाळी हात धुण्यापासून कर्जाच्या व्यवहारापर्यंतचे कायदे रेब्बेंच्या प्रवचनांच्या उजेडात उलगडतात. इथे त्यांच्यातला पंडित पुरता जागा आहे. सासऱ्यांकडे शिकलेली विद्या त्यांनी रेब्बेंपायी टाकून दिली, असे ज्यांना वाटते त्यांनी या ग्रंथाची चार पाने वाचावीत. विद्या तीच आहे, तिला काम मिळाले आहे.

रेब नोसन नसते तर माझ्या लिखाणातले एक पानही उरले नसते, अशा अर्थाचे रेब्बेंचे वाक्य ब्रेस्लोव्हमध्ये सांगतात. इतिहासाच्या दृष्टीनेही ते जवळपास खरेच आहे. त्या काळात कितीतरी रेब्बे होऊन गेले, ज्यांचे बोलणे त्यांच्याबरोबर गेले.

आता व्यक्तिपूजेचा प्रश्न. तो टाळता येत नाही, कारण ग्रंथातच अवघड वाक्ये आहेत. 'लिकुते मोहरान'च्या पहिल्या भागात 123 वे प्रवचन अगदी छोटे आहे. त्यात म्हटले आहे की सगळ्याचा पाया म्हणजे पिढीच्या त्साद्दिकाशी स्वतःला बांधून घेणे, लहानमोठ्या प्रत्येक गोष्टीत त्याचा शब्द मानणे, डावीउजवीकडे न ढळणे, आणि आपले शहाणपण बाजूला टाकणे. नवे विद्यार्थी हे वाचून दचकतात, आणि दचकावेच.

परंपरा त्याला आधार देते तो बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकातला. समुद्र ओलांडल्यावर लोकांनी 'परमेश्वरावर आणि त्याचा सेवक मोशे याच्यावर' विश्वास ठेवला, असे तिथे एका दमात म्हटले आहे. मोशेवरचा विश्वास हा देवावरच्या विश्वासाचा वाटेकरी नाही, तो तिथवर जाण्याचा रस्ता आहे, असा हसिदी अर्थ. कबरींबाबत धर्मशास्त्री पूर्वीपासून बजावत आले आहेत की मृतांवर भिस्त ठेवू नका, त्यांच्या पुण्याईचा आधार घेऊन देवाकडेच मागा. नोसन यांच्या प्रार्थनांत रेब्बेंचा उल्लेख जागोजागी आहे, पण ज्याला उद्देशून बोलणे आहे तो देव.

एवढ्याने माझे समाधान होते का? तत्त्व म्हणून होते. व्यवहारात धोका उरतो आणि तो खरा आहे. नोसन यांच्याच आयुष्यात पाहा. 1830 च्या दशकात सावरानचे रेब्बे मोशे त्सवी यांनी ब्रेस्लोव्हच्या लोकांविरुद्ध मोहीम उघडली: यांच्याशी सोयरीक करू नका, यांना शिकवायला ठेवू नका. नोसन यांच्याविरुद्ध सरकारकडे चहाड्या गेल्या, त्यांना अटक झाली, ब्रेस्लोव्ह सोडून नेमिरोव्हमध्ये अडकून राहावे लागले. काही वर्षांनी, सावरानचे रेब्बे वारल्यावर, ते ब्रेस्लोव्हला परतू शकले. हे सगळे करणारे कोण? तेही हसिदच होते, आणि आपल्या रेब्बेंवरच्या निष्ठेपोटीच करत होते. आपल्या काळातही ब्रेस्लोव्हचे नाव घेणाऱ्या एका गटाच्या प्रमुखावर इस्राएलच्या न्यायालयात गंभीर गुन्हे सिद्ध झाले, आणि तरी अनुयायी त्याला सोडून गेले नाहीत. तेव्हा निष्ठा आहे म्हणजे सगळे पवित्र, असे मी शिकवत नाही.

मग फरक कसा ओळखायचा? मी विद्यार्थ्यांना नोसन यांच्या आयुष्यावर बोट ठेवून दाखवतो. ज्या नात्यात गुरू शिष्याला एकट्याने देवापुढे उभे राहायला पाठवतो, शिष्याची विद्या वाढते, त्याचे स्वतःचे शब्द वाढतात, आणि गुरूच्या हाती त्यातून पैसा किंवा देह यांपैकी काहीच लागत नाही, ते नाते निरोगी. जिथे गुरू स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाशी, घरच्यांशी, कायद्याशी, अगदी देवाशीही बोलू देत नाही, तिथून उठून यावे. 123 वे प्रवचन मी कधीच एकटे शिकवत नाही. दुसऱ्या भागातले पंचविसावे शेजारी उघडून ठेवतो. एकात म्हटले आहे त्साद्दिकाला धरा, दुसऱ्यात म्हटले आहे एकटे जा आणि देवाशी बोला. सांगणारा एकच आहे, आणि नोसन यांनी दोन्ही पाळली.

मेल्यावरही टिकणारी निष्ठा परदेशातली गोष्ट वाटत असेल, तर मुंबईचे उदाहरण तुमच्या माहितीतले आहे. कुलाब्याच्या नरिमन हाउसमधले रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्हका 2003 मध्ये इथे आले ते खबाद-लुबाविच या हसिदी पंथाचे प्रतिनिधी म्हणून. त्यांचे रेब्बे, मेनाखेम मेंडेल श्नेअर्सन, 1994 मध्येच न्यूयॉर्कला वारले होते आणि त्यांच्या जागीही कोणी बसलेले नाही. पृथ्वीच्या पाठीवर जिथे ज्यू असेल तिथे जाऊन राहा, हा त्यांचा शब्द होता. त्या शब्दावर हे तरुण जोडपे मुंबईत संसार मांडून बसले, येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांना शब्बाथचे जेवण घालत राहिले, आणि नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात तिथेच मारले गेले. खबाद आणि ब्रेस्लोव्ह यांची शिकवण पुष्कळ वेगळी आहे. रेब्बेंच्या मृत्यूचा अर्थ काय लावायचा यावर खबादमध्ये तीव्र मतभेदही झाले. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते: रेब्बे गेल्यावर ज्यांनी त्यांचे काम हाती घेतले, त्यांची निष्ठा टिकली.

उमानचेही तसेच. सोव्हिएत राजवटीत प्रार्थनागृह बंद झाले, महायुद्धात तिथल्या ज्यूंचा संहार झाला, दफनभूमी उद्ध्वस्त झाली. त्या काळात मोजके हसिद जीव मुठीत धरून लपतछपत तिथे जात राहिले. 1989 च्या सुमारास वाट मोकळी झाली, आणि आज दर रोश हशानाला तिथे हजारोंनी लोक येतात, युद्ध चालू असतानाही. त्या गर्दीत गोंगाट आहे, बाजार आहे, मला न आवडणारे बरेच काही आहे. पण ती वाट 1811 मध्ये एका माणसाने पाडली, आणि त्याची स्वतःची कबर उमानला नाही, ब्रेस्लोव्हला आहे. रेब नोसन 20 डिसेंबर 1844 रोजी, शुक्रवारी, शब्बाथ लागायच्या आधी गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी रेब्बेंच्या कथांतल्या पहिल्या दोन कथा वाचून घेतल्या, असे सांगतात.

यापुढे स्वतः वाचायचे असेल, तर 'लिकुते मोहरान'ने सुरुवात करू नका. तालमूद आणि झोहर ठाऊक नसताना ते पुस्तक दार उघडत नाही, आणि 123 व्यासारखी वाक्ये सुटी वाचली की भलतीकडे नेतात. आधी नोसन यांची पत्रे वाचा, 'अलीम लित्रुफा' नावाने गोळा केलेली. त्यांतली बरीचशी तुल्चिनला राहणाऱ्या मुलाला, यित्सखाकला, लिहिलेली आहेत. त्यांत दुखणी आहेत, पैशांची ओढाताण आहे, सावरानच्या त्रासाच्या बातम्या आहेत, आणि त्याच ओघात रेब्बेंच्या एखाद्या प्रवचनातला शब्द मुलाच्या त्या दिवसाच्या अडचणीला लावून दाखवलेला आहे. त्यानंतर प्रार्थना घ्या, मग कथा. प्रवचने सगळ्यांत शेवटी, आणि शक्यतो शिकवणारा सोबत असताना. इंग्रजी येत असेल तर ही सगळी पुस्तके भाषांतरात मिळतात. मराठीत आम्ही अजून थोडी पत्रे आणि काही प्रार्थनाच उतरवू शकलो आहोत, काम चालू आहे.